घाट तुटला म्हणजे

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत ख्रिस्तमंदिराचा पाया कसा घातला गेला, घंटा कोणी अर्पण केली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, हा वृत्तान्त यावयाचाच. तो येणे उचित होय. परंतु खडवलीसारख्या गावातील धर्मग्रामाची कथा केवळ मंदिराच्या चार भिंतींत मावणारी नाही. आपल्या भाविकांपैकी कित्येकांची कुटुंबे येथे आली ती लोहमार्गाच्या आधाराने. त्यांची उपजीविका लोहमार्गावर चालते, त्यांची मुले आगगाडीनेच विद्यालयास जातात, आणि रविवारच्या पवित्र मिस्साची वेळ ठरविताना धर्मगुरूलाही गाड्यांचे वेळापत्रक समोर ठेवावे लागते. सबब ह्या लोहमार्गाचा, आणि विशेषेकरून तो पावसाळ्यात तुटतो तेव्हा काय घडते ह्याचा, थोडासा इतिहास येथे सांगण्याचे योजिले आहे.

विषय वरवर पाहता रुक्ष वाटेल. घाटात दरड कोसळते, रुळांखालची माती वाहून जाते, गाड्या दुसऱ्या मार्गाने वळविल्या जातात, काही दिवसांनी मार्ग दुरुस्त होतो आणि लोक सारे विसरून जातात. तथापि थोडे खोल पाहिले असता ह्या घटनांत आपल्या समाजरचनेचे एक सत्य दडलेले दिसते. ते कोणते, हे इतिहासाच्या ओघात स्पष्ट होईल.

लोहमार्ग ह्या बाजूस कसा आला

बोरीबंदर ते ठाणे ही हिंदुस्थानातील पहिली उतारूगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. पुढील वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, खाडीवरील पूल ओलांडून गाडी कल्याणास पोहोचली. कल्याणास लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक आग्नेयेस कर्जत, खंडाळा, पुणे असा जातो. दुसरा ईशान्येस टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, कसारा असा जाऊन इगतपुरीस चढतो. कल्याणापासून वासिंदपर्यंतचा भाग १ ऑक्टोबर १८५५ रोजी खुला झाला. म्हणजे आपल्या शिवारातून आगगाडीचा धूर दिसू लागला त्यास आता पावणेदोनशे वर्षे होत आली.

तेथून पुढे मात्र काम मंदावले. वासिंद हेच चार वर्षांहून अधिक काळ ह्या फाट्याचे शेवटचे टोक होते. १८६० च्या फेब्रुवारीत गाडी आसनगावास गेली आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यास. त्याच वर्षी घाटमाथ्यावर नाशिकच्या बाजूसही रूळ पडले. तरीसुद्धा कसारा आणि इगतपुरी ह्यांच्या मधला घाट तसाच उभा होता. पायथ्याशी लोहमार्ग, माथ्यावर लोहमार्ग, आणि मध्ये बैलगाडीची सडक, अशी स्थिती चार वर्षे राहिली. उतारूंना कसाऱ्यास उतरून घाट अन्य वाहनाने अथवा पायी चढावा लागे व माथ्यावर पुन्हा गाडी धरावी लागे. अखेर १ जानेवारी १८६५ रोजी कसारा ते इगतपुरी हा दुवा सांधला गेला. आज घाट तुटल्यावर उतारूंची जी तारांबळ उडते, ती त्या काळच्या लोकांची नित्याचीच स्थिती होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दोन घाट आणि त्यांचे मजूर

थळघाट, ज्यास आपण बोलण्यात कसारा घाट म्हणतो, आणि बोरघाट ही दोन्ही कामे जेम्स बर्कले ह्या मुख्य इंजिनियराच्या देखरेखीखाली आखली गेली. बोरघाटाचा चढ सुमारे पंधरा मैलांचा. त्यात १,८३१ फूट उंची गाठावयाची, आणि त्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले. थळघाट लांबीने कमी, नऊ मैलांहून थोडा अधिक. चढ ९७२ फुटांचा आणि बोगदे तेरा. ह्या घाटातील एहेगावचा पूल पावणेदोनशे फुटांहून उंच आहे. दोन्ही घाटांत सर्वांत उभा चढ सदतीस फुटांस एक फूट इतका आहे. वाचणाऱ्यास हे प्रमाण किरकोळ वाटेल, परंतु लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरत असता एवढा चढही फार होतो. म्हणूनच आजही कसाऱ्याहून वर जाणाऱ्या लांब गाडीस जादा इंजिनांचा जोर द्यावा लागतो.

बर्कले ह्यांस आपले काम पुरे झालेले पाहता आले नाही. ते १८६२ साली निवर्तले. परंतु त्यांचे नाव निदान ग्रंथांत राहिले. ज्यांनी पहारीने कातळ फोडला त्यांची नावे कोठेच नाहीत. १८६१ च्या जानेवारीत एकट्या बोरघाटावर बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. त्यांत पुरुष, स्त्रिया आणि मुलेही होती. उंच कड्यांवर दोरांनी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडावयाची, पावसाळ्यात चिखलात आणि उन्हाळ्यात तापलेल्या दगडावर राहावयाचे. त्यात पटकीची साथ आली म्हणजे वस्त्याच्या वस्त्या ओस पडत. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून बोरघाटात दंगाही झाला. अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी संत याकोबाच्या पत्रात जो कडक इशारा आहे, तो ह्या प्रसंगी कोणास आठवला असेल तर बरे झाले असते.

ह्याच घाटाच्या कथेत एका विधवेचेही स्थान आहे. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज मक्तेदार १८५९ साली बोरघाटाचे काम पत्करून येथे आला आणि थोड्याच आठवड्यांत मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने मायदेशी परतण्याऐवजी तो मक्ता स्वतःच्या नावे चालविला आणि जाणत्या सहायकांच्या हाती काम सोपवून ते तडीस नेले. १८६३ साली बोरघाट खुला झाला. परक्या देशात, ऐन दुःखात, हाती घेतलेले काम न टाकणारी ही स्त्री आपल्या भगिनींनी स्मरणात ठेवावी अशीच आहे.

लोहमार्गामागून ख्रिस्ती वस्तीही सरकत गेली. साष्टी आणि वसईकडील ईस्ट इंडियन, गोव्याकडील कोकणी कुटुंबे, अँग्लो-इंडियन इंजिनचालक आणि गार्ड अशी मंडळी कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ अशा रेल्वेच्या गावी स्थायिक झाली, आणि त्या त्या ठिकाणच्या ख्रिस्तसभेस त्यांच्या वर्गणीचा व गायनवादनाचा आधार मिळाला. आपला धर्मग्राम त्याच वृक्षाची एक उशिरा फुटलेली डहाळी होय.

तिसरी बाजू

आता वळशाच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. वळसा घेण्यास दुसरी वाट असावी लागते. प्रारंभी ती नव्हतीच. १८६७ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, बोरघाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव 'म्हौ-की-मल्ली' असे आढळते. घाट खुला होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. कल्याणास फुटलेले दोन फाटे पुढे कोठेच एकमेकांस मिळत नसत. पुण्याकडचा उतारू अथवा दख्खनचा कापूस दुसऱ्या घाटाने खाली उतरविण्याची सोयच नव्हती. एक हात तुटला तर दुसऱ्या हाताने काम करावे, तर दोन्ही हात एकाच खांद्यास जोडलेले आणि बोटे मात्र एकमेकांपासून शेकडो मैल दूर, असा तो प्रकार होता.

ही उणीव १८७८ साली भरून निघाली. पुण्याच्या पूर्वेस असलेले दौंड आणि नाशिकच्या पलीकडचे मनमाड ही दोन स्टेशने अहमदनगरमार्गे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमार्गे, सुमारे दोनशे पस्तीस किलोमीटरच्या लोहमार्गाने जोडली गेली. त्या मार्गाचा काळ ध्यानात घ्यावा. १८७६ ते १८७८ ही दख्खनवरील भीषण दुष्काळाची वर्षे. त्या वर्षांत अन्नास मोताद झालेल्या अनेक कुणबी व मजूर कुटुंबांनी ह्या मार्गाच्या मातीकामावर टोपल्या वाहिल्या आणि त्यावर आपले प्राण जगविले. मुंबईकडील गाडी आज दौंड-मनमाड मार्गाने वळविली जाते, तेव्हा ती दुष्काळात उपाशी हातांनी घातलेल्या भरावावरून जात असते. तिच्यातील उतारूला ह्याची कल्पनाही नसते.

अशा रीतीने कल्याण, पुणे-दौंड आणि मनमाड ह्यांचा एक मोठा त्रिकोण तयार झाला. थळघाट बंद पडला तर गाडी कल्याणाहून बोरघाटाने पुण्यास, तेथून दौंडास आणि तेथून मनमाडास जाऊ शकते. बोरघाट बंद पडला तर हाच वळसा उलट दिशेने घेता येतो. अंतराचा हिशेब असा, की कल्याण ते मनमाड सरळ मार्गाने सुमारे २०७ किलोमीटर, तर पुणे-दौंडमार्गे सुमारे ४५०. म्हणजे दुपटीहून अधिक. ह्याखेरीज १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरत व जळगाव जोडली गेली, आणि पुढे गेल्या शतकाच्या नवव्या दशकात वसई ते दिवा हा मार्ग झाल्यावर भुसावळ-जळगावकडील गाड्या गुजरातमार्गे, दोन्ही घाट टाळून, मुंबईच्या परिसरात आणण्याची तिसरी वाट मिळाली.

वळसा कसा घेतात

गाडी वळविणे म्हणजे बैलगाडीचे जू दुसऱ्या पायवाटेकडे फिरविणे नव्हे. ज्या मार्गाची ओळख इंजिनचालकास नाही त्यावर तो एकट्याने गाडी नेऊ शकत नाही. कोठे चढ, कोठे वळण, कोणता सिग्नल कोठे दिसतो, हे त्याने आधी शिकलेले असावे लागते. नाहीतर त्या मार्गाचा जाणता सोबती त्यास द्यावा लागतो. घाट उतरताना तर ब्रेकांची विशेष तपासणी होते आणि वेग बेताचाच ठेवावा लागतो. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडास आली, की पूर्वी तेथे इंजिन काढून दुसऱ्या टोकास जोडावे लागे, कारण मार्गाची मांडणीच तशी होती. अलीकडे जोडमार्ग झाल्याने हा खोळंबा टळू लागला. दौंड-मनमाड मार्ग दीर्घकाळ एकेरी राहिला. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी स्टेशनात येईपर्यंत आपल्या गाडीस थांबावेच लागते. एरवी चार गाड्या नेणाऱ्या मार्गावर अचानक दहा गाड्या आल्या म्हणजे काय होते, हे वेगळे सांगणे नको.

उतारूंचे हाल निराळेच. ज्याचे तिकीट नाशिकचे आहे, त्याची गाडी वळशाने गेली तर नाशिक लागतच नाही. त्याने मनमाडास उतरून उलट यावे, नाहीतर निघण्यापूर्वीच तिकीट परत करून सडकेची वाट धरावी. अपरात्री अनोळखी स्टेशनावर लेकुराबाळांसह उतरलेल्या कुटुंबाची स्थिती ज्याने पाहिली असेल, त्यास वळसा हा शब्द कधीही हलका वाटणार नाही.

अलीकडील चार पावसाळे

पहिला प्रसंग २६ जुलै २००५ चा. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या प्रलयाची कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच पावसाने दोन्ही घाटमार्गांवरही आघात केला. त्रिकोणाच्या दोन बाजू एकाच वेळी निकामी झाल्या म्हणजे तिसरी बाजू मुंबईच्या उतारूंच्या उपयोगी पडत नाही, हे त्या वर्षी कळून आले.

दुसरा प्रसंग आपल्या अगदी शेजारचा. २९ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी, वासिंद व आसनगावच्या दरम्यान, पावसाने घसरलेली माती आणि दगड रुळांवर आले आणि नागपूरहून मुंबईस येणाऱ्या दुरांतो एक्स्प्रेसचे इंजिन व नऊ डबे घसरले. देवाच्या कृपेने कोणाचा प्राण गेला नाही. परंतु मार्ग बंद झाला, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या काही मनमाड-दौंड-पुणेमार्गे, काही जळगाव-वसईमार्गे वळविण्यात आल्या. हा मार्ग घाटातला नव्हे, पायथ्याचा; परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी कापलेल्या उतारास घाटाचेच सर्व गुणधर्म असतात.

तिसरा प्रसंग बोरघाटातील. २०१९ च्या अतिवृष्टीने त्या घाटात मंकी हिल आणि नागनाथ ह्यांच्या दरम्यान मोठी हानी झाली आणि दुरुस्तीचे काम त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पुढील जानेवारीपर्यंत चालले. ह्या काळात कित्येक गाड्या रद्द झाल्या अथवा पुण्यापर्यंतच धावल्या. त्यांपैकी एका गाडीची कथा बोधप्रद आहे. पुणे-भुसावळ एक्स्प्रेस ही पुण्याहून बोरघाट उतरून पनवेल-कल्याणमार्गे येई, आपल्या खडवलीवरून जाई, आणि थळघाट चढून नाशिकमार्गे भुसावळास पोहोचे. दोन्ही घाट ओलांडणारी ही गाडी पुणे आणि नाशिक ह्या दोन मोठ्या शहरांना जोडणारा दुवा होती. बोरघाटाच्या दुरुस्तीमुळे ती दौंड-मनमाडमार्गे वळविली गेली आणि नाशिककर उतारू तीस मुकले. पुढे ती गाडी अमरावतीपर्यंत वाढविण्यात आली तेव्हाही दौंड-मनमाडचाच मार्ग तिच्या वाट्यास आला. जी वाट तात्पुरती म्हणून धरली, तीच कायमची झाली. दरड उचलली गेली, पूल सांधला गेला, परंतु ज्यांची गाडी गेली त्यांची ती परत आली नाही.

चौथा प्रसंग २०२१ चा. जुलैच्या २१ व २२ तारखांच्या रात्री कसाऱ्याच्या परिसरात असा पाऊस कोसळला, की उंबरमाळी स्टेशनात पाणी फलाटाच्या पातळीस लागले. कसारा-इगतपुरीच्या घाटात दरडी आल्या, उंबरमाळीकडे रुळांखालचा भराव वाहून गेला. त्याच वेळी कर्जत-लोणावळ्याकडील मार्गही बंद झाला आणि कोकणात चिपळूणजवळ वासिष्ठीस महापूर आल्याने कोकण रेल्वेही थांबली. रेल्वेने त्या सकाळी जे जाहीर केले त्यातील शब्द आपल्या गावाने विसरू नयेत. वाहतूक बंद होती ती अंबरनाथ ते लोणावळा आणि टिटवाळा ते इगतपुरी.

वळसा कोणास मिळतो

टिटवाळा ते इगतपुरी! नकाशा काढून पाहावा. कल्याणाहून येणारी लोकल टिटवाळ्यास थांबते, आणि टिटवाळ्याच्या पुढचे पहिलेच स्टेशन खडवली आहे. दोहोंतील अंतर सात किलोमीटरही भरत नाही. खडवलीचा उतारू टिटवाळ्याच्या फलाटावर उभा असतो, त्याचे घर तेथून हाकेच्या नसले तरी चालण्याच्या अंतरावर असते, आणि तरीही त्याच्यासाठी गाडी नसते.

येथेच आरंभी उल्लेखिलेले सत्य प्रकट होते. दिल्लीस अथवा नागपुरास निघालेल्या उतारूसाठी दौंडचा वळसा आहे, सुरतेचा वळसा आहे. त्यास विलंब होतो, त्रास होतो. परंतु त्याची गाडी कोठून तरी जाते. आपणासाठी वळसा नाही. खडवली, वासिंद, आटगाव, खर्डी, उंबरमाळी ही स्टेशने त्रिकोणाच्या एका बाजूवर मध्येच बसलेली आहेत. ती बाजू तुटली, की त्यांस गाठणारी दुसरी कोणतीही आगगाडी नाही. वळसा दूर जाणाऱ्यास मिळतो. जवळच्यास केवळ प्रतीक्षा मिळते. पडघ्याकडून मुंबई-आग्रा महामार्ग गाठता येतो खरा, परंतु भातसेचे पाणी चढलेले असता त्या रस्त्याचाही भरवसा उणाच. आणि ज्याचा रोजचा पगार रोजच्या हजेरीवर अवलंबून आहे, जो डोक्यावर भाजीची पाटी घेऊन कल्याणास जातो, ज्याच्या घरी दवाखान्याची निकड आहे, त्यास भाड्याच्या वाहनाचा खर्च परवडतो असेही नाही.

वृत्तपत्रांत मात्र वळविलेल्या गाड्यांची यादी येते. न आलेल्या लोकलसाठी थांबलेल्यांची यादी कोठेच येत नाही. ह्यात कोणा अधिकाऱ्याचा दुष्टावा आहे असे नव्हे. मोठ्या व्यवस्था मोठ्या संख्येचा विचार करितात, आणि तो करणे त्यांस भागच आहे. शंभरांपैकी नव्याण्णवांची सोय झाली तर व्यवस्था समाधान पावते. परंतु उत्तम मेंढपाळाचा दाखला आपण मानतो, आणि त्या दाखल्यात उरलेल्या एकाचा हिशेब नव्याण्णवांच्या हिशेबाखाली बुडून जात नाही. जेथे व्यवस्थेचा हिशेब संपतो तेथे शेजाऱ्याचे काम सुरू होते. टिटवाळ्यास अडकलेल्यास रात्रीचा आसरा कोण देईल, घरी एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी कोण करील, ज्याचे वाहन आहे तो वाटेत थांबून कोणास बसवून घेईल काय, हे प्रश्न रेल्वेचे नव्हेत. ते धर्मग्रामाचे आहेत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, आदिवासी असा भेद तेथे करावयाचा नाही, कारण तुटलेला मार्ग तसा भेद करीत नाही.

पवित्र शास्त्रातही वळसे आहेत. मिसरातून सुटलेल्या लोकांस परमेश्वराने जवळच्या वाटेने न नेता अरण्यातून फिरवून नेले. बाळ येशूचे दर्शन घेऊन परतणारे पूर्वेकडील ज्ञानी लोक दुसऱ्याच वाटेने आपल्या देशी गेले. परंतु त्याच प्रकरणात बेथलेहेमची लहान मुलेही आहेत. त्यांस निघून जाण्यास वाट मिळाली नाही. ज्ञानी लोकांचा वळसा आनंदाने वाचणाऱ्याने त्या गावातील मातांचा विलापही वाचावा, अशीच शुभवर्तमानकाराची योजना दिसते.

मार्ग सांधणारे हात

तुटलेला मार्ग दुरुस्त कसा होतो, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. सह्याद्रीचा कातळ अग्निजन्य आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून तो झाला. थरांच्या मधून, फटींतून पाणी झिरपते, मऊ थर भिजून निसटतो आणि वरचा कठीण दगड आधार गेल्याने सुटतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी रेल्वेची माणसे कड्यांवर चढून, दोरांना लोंबून, सैल झालेले दगड आधीच खाली पाडतात. धोक्याच्या जागी लोखंडी जाळ्या बांधतात, बोगद्यांची तोंडे पुढे वाढवितात. पावसाळा लागला, की रात्रंदिवस गस्त सुरू होते. हाती कंदील अथवा विजेरी घेऊन, डोक्यावर पाऊस घेऊन, एक एकटा माणूस काळोखात रुळांमधून चालत असतो. आपण अंथरुणात कूस बदलतो आणि लांबून गाडीची शिट्टी ऐकून पुन्हा झोपी जातो, ते त्याच्या भरवशावर.

आणि तरीही मार्ग तुटलाच, तर प्रथम दगडमाती उपसतात, वाहून गेलेल्या जागी वाळूची पोती व मोठे दगड रचून भराव उभा करितात, त्यावर खडी, त्यावर स्लीपर आणि रूळ. पहिली गाडी जाते ती पायी चालणाऱ्याहून फारशी वेगाने नव्हे. भराव बसत जाईल तसतसा वेग वाढवीत नेतात. पावसात हे काम करणाऱ्यांस घाटात जागाही नसते. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, वरून केव्हा काय सुटेल ह्याचा नेम नाही. १८६१ साली ज्यांनी हा कडा फोडला आणि आज जे त्याची डागडुजी करितात, त्यांच्यामध्ये यंत्रांचा फरक पडला आहे. धोका मात्र पुष्कळसा तोच आहे, आणि नाव न उरण्याचे दैवही तेच.

दौंड-मनमाड मार्गावर बेलापूर नावाचे स्टेशन आहे. ते श्रीरामपूर गावाचे होय. तेथून जवळच हरेगाव येथे १९४९ पासून दरवर्षी सप्टेंबरात, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, मतमाउलीची यात्रा भरते. आपल्याकडील भाविकही तीस जातात. यात्रेकरूंची गाडी त्या मार्गावरून जात असता एक गोष्ट मनात आणावी अशी विनंती आहे. हा भराव दुष्काळातील भुकेल्यांनी घातला. घाटातील बोगदे पटकीने मेलेल्यांनी खोदले. त्यांपैकी बहुतेक सर्वांच्या कबरी अथवा चितांच्या जागा कोणास ठाऊक नाहीत. जपमाळेचा एक दशक त्यांच्या आत्म्यांसाठी म्हटला तर तो वाया जाणार नाही.

असो. महोत्सवाच्या वर्षी आपण परमेश्वराचे आभार मानतो ते दृश्य गोष्टींबद्दल: मंदिराबद्दल, शाळेबद्दल, वाढलेल्या कुटुंबांबद्दल. त्यांच्या जोडीला ह्या अदृश्य उपकारकर्त्यांचेही स्मरण व्हावे. येत्या सर्व आत्म्यांच्या दिवशी, २ नोव्हेंबरच्या पवित्र मिस्सात, थळघाट आणि बोरघाट बांधताना मृत्यू पावलेल्या अनामिक मजुरांसाठी आणि लोहमार्गावर सेवा करिताना प्राणांस मुकलेल्या सर्वांसाठी विशेष प्रार्थना करण्याचे योजिले आहे. आणि पुढील पावसाळ्यासाठी एक साधी व्यवस्था व्हावी अशी इच्छा आहे: टिटवाळ्याच्या पुढे गाडी येईनाशी झाली, तर कोणत्या घरी किती माणसांची रात्रीची सोय होऊ शकेल, कोणाचे वाहन उपयोगी पडेल, कोणत्या घरी वृद्ध अथवा आजारी माणूस एकटे आहे, ह्याची नोंद प्रत्येक वाडीने आषाढापूर्वी धर्मगुरूंच्या कचेरीत द्यावी. दुष्काळात टोपली वाहणाऱ्यांनी मागून येणाऱ्यांसाठी तिसरी बाजू बांधून ठेविली. आपल्या गावास आगगाडीचा वळसा मिळणे नाही. परंतु शेजारधर्माची वाट आपण आपल्या हातांनी बांधू शकतो, आणि ती कोणत्याही पुराने वाहून जाण्याचे कारण नाही.